ज्युलिएट उभी करताना

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली ज्युलिएटची भूमिका मिळाली की बहुतेक मुली पहिल्यांदा खिडकीचा प्रवेश पाठ करायला घेतात. तो सगळ्यात शेवटी घ्या. आधी पेन्सिल घेऊन संहिता वाचा आणि ज्युलिएट बोलली की समासात एवढंच लिहा: इथे ती काय ठरवते? ‘प्रेमात पडते’, ‘रडते’, ‘घाबरते’ ही उत्तरं बाद. दोघांत लग्नाची गोष्ट पहिल्यांदा तोंडातून काढते ती ज्युलिएट. निरोपाला माणूस किती वाजता पाठवू, हेही तीच विचारते. दाईवर यापुढे विसंबायचं नाही हे एका शब्दात ठरवते, आणि मेल्यासारखी झोप आणणारं कुपीतलं औषध लागू पडलं नाही तर काय, याची सोय पिण्याआधीच करून ठेवते. रोमिओ उपमा रचत असतो तेव्हा ही बागेच्या भिंतीची उंची मोजत असते. समास भरला की भूमिकेचा कणा हाती लागतो. तो नसेल तर तुम्ही अडीच तास उसासे टाकाल आणि प्रेक्षक घड्याळ बघतील.

भूमिकेचा आवाका मोठा आहे. ओळी पाचशेच्या वर. नाटकात तिच्याहून जास्त फक्त रोमिओच्या वाट्याला आहेत. ती अकरा प्रवेशांत बोलते, बाराव्यात नुसती मेल्यासारखी पडून असते. भार मात्र सारखा वाटलेला नाही. पहिल्या अंकात ती मोजकंच बोलते. दुसऱ्या अंकातल्या खिडकीपासून चौथ्या अंकातल्या कुपीपर्यंत उसंत नाही. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश एकटाच दोनशे चाळीस ओळींच्या घरात जातो आणि त्यात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर असते. म्हणून पाठांतराचा क्रम असा ठेवा: आधी हा पाचवा प्रवेश, मग कुपीचं स्वगत, मग तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, आणि मग बाकीचे. खिडकीच्या ओळी एव्हाना कानावरून गेलेल्याच असतात, त्या पटकन बसतात. खरं तर त्या इतक्या ओळखीच्या असतात म्हणूनच नासतात.

पाठ करण्याआधी दिग्दर्शकाकडून काटछाट केलेली प्रत मागून घ्या. पूर्ण संहिता क्वचितच होते, आणि पाठ झालेल्या ओळी विसरणं हे पाठ करण्यापेक्षा अवघड. हे नाटक पहिल्यांदा 1597 साली छापलं गेलं, ते बरंच तोकडं. 1599 ची प्रत मोठी आणि सुधारलेली, आजच्या बहुतेक आवृत्त्या तिच्यावरच उभ्या आहेत. तरी 1597 ची प्रत टाकाऊ नाही. तिच्यात रंगसूचना जास्त मोकळ्या आहेत. औषध प्यायल्यावर ज्युलिएट पडद्यांच्या आत पलंगावर पडते, हे तिथेच लिहिलेलं सापडतं.

चार दिवसांचं वेळापत्रक

शेक्सपिअरने ही गोष्ट 1562 साली छापलेल्या आर्थर ब्रुकच्या इंग्रजी काव्यातून उचलली. तिथे ती नऊ महिने चालते. नाटकात ती आठवड्याच्या आत संपते. हे वेळापत्रक कागदावर काढून आरशाजवळ चिकटवा:

रविवारी रात्री मेजवानी, आणि त्याच रात्री खिडकी. सोमवारी सकाळी नऊला दाई निरोप घेऊन बाहेर पडते, बारा वाजले तरी परत आलेली नसते. सोमवारी दुपारी लग्न, तासाभरातच रोमिओच्या हातून तिच्या मामेभावाचा, टिबाल्टचा खून. सोमवारची रात्र रोमिओबरोबर. मंगळवारी पहाटे हद्दपार झालेल्या रोमिओचा निरोप, त्यानंतर लगेच पॅरिस या उमरावाशी लग्नाचं फर्मान, मग फ्रायर लॉरेन्स या ख्रिस्ती साधूची खोली, आणि त्याच रात्री कुपी. लग्न आधी गुरुवारी ठरलेलं असतं. बाप ते बुधवारवर ओढून आणतो, त्यामुळे औषध पिऊन मेल्याचं भासवायची सगळी योजना एक दिवस आधी अमलात आणावी लागते.

हे वेळापत्रक कशासाठी? झोपेचा हिशोब करा म्हणून. रविवारची रात्र जागून गेली, सोमवारचीही गेली. मंगळवारी संध्याकाळी ही मुलगी दोन रात्रींची जागी आहे. कुपीच्या स्वगतात तिला टिबाल्टचं भूत दिसतं ते उगाच नाही. पहिल्या अंकात तुमच्या हालचालीत जो चटपटीतपणा असेल तो चौथ्या अंकात कुठे गेला, हे याच हिशोबावरून ठरवायचं. थकव्याचा अभिनय करायची गरज नाही. वळताना आधी मान आणि मग खांदे, असा अर्ध्या क्षणाचा उशीर केला तरी पुरतं.

वय

ज्युलिएट तेरा वर्षांची आहे. 31 जुलैच्या रात्री तिला चौदा पूर्ण होणार, आणि त्याला दोन आठवडे नि काही दिवस बाकी आहेत. ब्रुकच्या काव्यात ती सोळाच्या आसपास होती. शेक्सपिअरने मुद्दाम वय खाली आणलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सर्वसाधारण बायकांची लग्नं विशीच्या मध्यावर होत, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकालाही हे वय टोचलं असणार. आपल्याला ते अजून टोचायला हवं. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. त्या कायद्यातही ज्युलिएट दोन आठवड्यांनी कमीच पडली असती. पणजीच्या लग्नाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतील तर त्या इथे कामाला येतात.

आता हे तेरा वर्षांचं वय दाखवायचं कसं? आवाज बारीक करून नाही, बोट तोंडात घालून नाही, एका पायावर झुलून तर मुळीच नाही. पंचविशीतली नटी बारीक आवाज काढते तेव्हा प्रेक्षकाला फक्त पंचविशीतली नटी बारीक आवाज काढताना दिसते. वय येतं ते विचाराच्या वेगातून. मोठी माणसं बोलण्याआधी शब्द निवडतात. हिला बोलता बोलताच विचार सुचतो आणि तो सुचल्याचं तिलाच नवल वाटतं. ओळ पाठ असल्यासारखी न येता नुकती सापडल्यासारखी आली की वय आपोआप खाली उतरतं.

मुळात ही भूमिका मुलांनी करायची होती. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर 1660 पर्यंत स्त्रिया नव्हत्या. तरुण नायिका आवाज न फुटलेली मुलं करत. ज्या रंगभूमीने बालगंधर्वांना नायिका म्हणून डोक्यावर घेतलं, तिला हे समजावून सांगायला नको. भूमिका करताना याचा उपयोग एवढाच: लेखकाने सगळं शब्दांत भरून ठेवलंय, रूपावर काही सोडलेलं नाही. तुम्ही किती सुंदर दिसता याने या भूमिकेचं काही अडत नाही.

पहिला प्रवेश: ऐकणं

पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ज्युलिएटला जेमतेम सात ओळी आहेत. बाकी वेळ दाई बोलते: हिला अंगावरून तोडलं तेव्हाची हकिगत, भूकंप, नवऱ्याचा पाचकळ विनोद. इथे होणारी चूक ठरलेली. नटी दाईच्या प्रत्येक विनोदावर लाजते, हसते, तोंडावर हात घेते, आणि दाईचा प्रवेश मारते. ही हकिगत ज्युलिएटने शंभरदा ऐकलेली आहे. ती पुढे काय येणार हे माहीत असल्यासारखी ऐका. एकदाच, आई वैतागली असताना, दाईकडे डोळे मोठे करून ‘पुरे’ म्हणा.

आईशी बोलताना अंतर ठेवा. मूळ इंग्रजीत ती आईला ‘मॅडम’ म्हणते. मराठीत ‘आईसाहेब’ म्हणा, सूर तोच येतो. दाईला मात्र ‘अगं’. घरात आई कोण आहे ते या दोन हाकांतून कळलं पाहिजे, कारण तिसऱ्या अंकात हीच दाई हातची जाते तेव्हा त्याची किंमत इथे भरलेली असावी लागते. आणि लग्न करशील का या प्रश्नावर, ‘त्या मानाचा मी स्वप्नातही विचार केलेला नाही’ हे उत्तर लाजून देऊ नका. ते सरळ उत्तर आहे. तिने खरंच विचार केलेला नाही.

मेजवानी: तळहात

रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा बोलतात ते चौदा ओळींचं सुनीत होतं. पहिल्या चार ओळी त्याच्या, पुढच्या चार तिच्या, मग एकेक-दोन-दोन ओळींची अदलाबदल, आणि चौदाव्या ओळीला चुंबन. हे नीट बघा: तो यात्रेकरू आणि देवाची मूर्ती अशी उपमा घेऊन येतो, ती उपमा न मोडता तीच उचलून त्याच्यावर उलटवते. मूर्तीलाही हात असतात, यात्रेकरू त्यांना हात लावतात, आणि तळव्याला तळवा लागणं हेच भक्तांचं चुंबन. म्हणजे ‘ओठ लांब ठेव’, तेही त्याच्याच भाषेत.

तालमीत असं करा. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळहात एकमेकांपासून एक इंच अंतरावर धरा. पहिल्या चार दिवशी लावायचेच नाहीत. तिच्या चार ओळींच्या शेवटच्या ओळीवर तळवे टेकू द्या. जो आधी टेकवेल तो हरला, असा खेळ केलात तर प्रवेशाचा ताण आपोआप येतो. चुंबनाची वेळ आणि पद्धत दोघांच्या संमतीने, दिग्दर्शकासमोर, हालचालींसारखी मोजून ठरवा आणि नंतर बदलू नका.

या प्रवेशात ज्युलिएट रोमिओला ‘तुम्ही’ म्हणते. इंग्रजीत तेव्हा ‘यू’ आणि ‘दाउ’ असा फरक होता, जो आज इंग्रजी प्रेक्षकाला ऐकू येत नाही. आपल्याला येतो. खिडकीत, तो खाली उभा आहे हे माहीत नसताना, ती ‘तू’वर येते, आणि त्याने सगळं ऐकलं म्हटल्यावर ‘तुम्ही’कडे परत जायला वाटच राहत नाही. मराठीतून करत असाल तर हा बदल अनुवादात तपासून घ्या. काही वेळा तिथे पहिल्यापासून ‘तू’ असतं आणि सोन्यासारखी जागा फुकट जाते.

खिडकी

या नाटकात ‘बाल्कनी’ हा शब्द कुठेही नाही. संहितेत खिडकी आहे. व्हेरोना शहरात पर्यटक ज्या सज्जाचे फोटो काढतात तो विसाव्या शतकात घराला जोडलेला आहे. तेव्हा नेपथ्याला सज्जाच हवा असा हट्ट नको. तिला वर आणि त्याला खाली ठेवणारी कुठलीही जागा चालते.

तरीही लेव्हल (रंगमंचावरचा उंच चौथरा) घेणार असाल तर सहा-सात फूट पुरे. कठडा कमरेच्या वर यायला हवा, आणि दोन माणसांनी जोर लावून तो हलत नाही ना हे रंगीत तालमीच्या आधी बघा, कारण तुम्ही त्यावर पूर्ण भार टाकून वाकणार आहात. रोमिओ तुमच्या अगदी पायाखाली उभा राहिला तर प्रेक्षकाला तुमचा भांग दिसेल, चेहरा नाही. त्याला आठ-दहा फूट पुढे, तिरका उभा करा. केस पुढे मोकळे सोडू नका. वरून येणारा प्रकाश त्यांत अडतो आणि डोळे काळोखात जातात.

‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ’ या ओळीत ‘व्हेअरफोर’चा अर्थ ‘कुठे’ नसून ‘का’ आहे. तू रोमिओच का आहेस, त्या वैरी घराण्यातलाच का? ती त्याला शोधत नाहीये, त्यामुळे अंधारात हात लांब करून, डोळ्यांवर तळवा धरून बघायचं नाही. तो तिथे आहे हे तिला माहीतच नाही. जोर ‘रोमिओ’ या नावावर द्या. पुढचा सगळा युक्तिवाद नावावरच आहे. हात, पाय, चेहरा हे माणसाचे अवयव. नाव हा अवयव नाही. मग ते टाकून द्यायला काय हरकत? तर्कशास्त्राच्या वर्गात शोभेल असा हा मुद्दा आहे. तो स्वप्नाळूपणे गायलात तर मेला. कागदावर गणित सोडवल्यासारखा मांडा.

तो बोलल्यावर तिचे पहिले प्रश्न बघा: कोण आहेस? इथे आलास कसा? भिंत उंच आहे. माझ्या माणसांनी पाहिलं तर मारतील. तुला जागा कोणी दाखवली? प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर काव्यात येतं आणि ती पुन्हा मुद्द्यावर येते. यातला विनोद खरा आहे, प्रेक्षक हसले तर हसू द्या. मग ती आत-बाहेर करते तेव्हा दाईची हाक विंगेतून नक्की कोणत्या शब्दावर येणार ते ठरवून घ्या. हाक अर्धा सेकंद उशिरा आली की तुम्ही रिकाम्या हाताने कठड्यापाशी उभ्या राहाल.

दुसऱ्या अंकातलं दाईची वाट पाहणं आणि लॉरेन्सच्या खोलीतलं लग्न यांवर फार वेळ घालवू नका. पहिल्यात वेग सांभाळला की झालं. दाई ‘धाप लागलीय’ म्हणते आणि ज्युलिएट विचारते, धाप लागलीय हे सांगायला श्वास आहे, मग धाप कसली? हा तर्क तोच आहे, खिडकीतला. दुसरा प्रवेश लहान आहे, सोपा आहे.

आवाज, श्वास आणि छंद

मूळ ओळ दहा अक्षरांची, पाच आघातांची. इंग्रजीतून करत असाल तर आपल्या लोकांची खोड अशी की प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, आणि ओळ टाइपरायटरसारखी वाजते. टेबलावर पाच टिचक्या मारत प्रत्येक ओळ म्हणा; आघात कुठे पडतो ते बोटांना कळू द्या, मग टिचक्या सोडा. तिसऱ्या अंकात ‘हद्दपार’ हा शब्द वारंवार येतो. इंग्रजीत तो तिथे दोन अक्षरांत न म्हणता तीन अक्षरांत म्हणायचा, ‘बॅ-निश-एड’. एक अक्षर खाल्लं की ओळ लंगडते, आणि हा शब्द हातोड्यासारखा पडायला हवा.

मराठी अनुवादातून करत असाल तर ओळी मुक्तछंदात किंवा गद्यात असतील. मग श्वासाच्या जागा तुम्हालाच शोधाव्या लागतात. नियम एकच: श्वास विचार संपल्यावर घ्या, फुफ्फुसं रिकामी झाल्यावर नाही. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या सुरुवातीला, सूर्याच्या घोड्यांना ‘धावा’ म्हणणारं स्वगत आहे. एकाच श्वासात चार ओळी म्हणून बघा. जमलं तर सहा. ती रात्र लवकर यावी म्हणून धावते आहे आणि भाषाही धावते. यात शारीरिक ओढ स्पष्ट आहे, ती झाकू नका. शाळकरी गोडवा घालून म्हटलं की पुढे येणाऱ्या बातमीचा घाव बसत नाही.

कपड्यांचं इथेच सांगून ठेवतो. आवळलेली चोळी आणि पायघोळ घागरा असेल तर पोटात श्वास घ्यायला जागा राहत नाही. पाठीच्या बरगड्या फुगवून घ्यायची सवय लागते आणि ती लागायला दोन आठवडे जातात. कपडेपटातून खरा पोशाख शेवटच्या आठवड्यात येतो, म्हणून तोवर तालमीला जमिनीला टेकणारा जुना परकर आणि पोटाभोवती घट्ट बांधलेली ओढणी वापरा. नाडी बांधल्यावर पाठीशी दोन बोटं आत गेली पाहिजेत. लेव्हलच्या पायऱ्या परकरात चढून-उतरून बघितल्या नाहीत तर प्रयोगात पाय अडकणार, हे नक्की.

‘तथास्तु’

तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश चार तुकड्यांत तोडा: रोमिओची पहाटेची पाठवणी, आईशी दुहेरी अर्थाचं बोलणं, बापाचा संताप, आणि शेवटी दाई. पहिल्या तिन्हींत आवाज चढत जातो, आणि नटीला वाटतं शिखर बापाच्या प्रसंगात आहे. तसं केलंत तर चौथ्यासाठी काही उरत नाही. बापाच्या वेळी आवाज त्याचा चढू द्या. तो ओरडतो, ‘बोटं शिवशिवताहेत’ म्हणतो, तुम्ही गुडघ्यावर आहात. जेवढ्या खाली राहाल तेवढं बरं.

मग सगळे जातात आणि ती दाईकडे वळते: आता तू सांग, काहीतरी धीर दे. दाई म्हणते, रोमिओ गेला, परत येणार नाही, पॅरिसशी लग्न करून टाक, तो छानच आहे. ज्युलिएट विचारते: हे मनापासून बोलतेस? दाई म्हणते: मनापासून, आत्म्यापासूनही, खोटं असेल तर दोघांनाही शाप लागो. आणि ज्युलिएट म्हणते, ‘आमेन’. तथास्तु.

या एका शब्दात तिचं बालपण संपतं. दाई विचारते ‘काय?’, कारण तिला कळलेलंच नाही. त्यानंतर ज्युलिएट गोड बोलते: तू मला फार धीर दिलास, जा, आईसाहेबांना सांग मी लॉरेन्सकडे कबुली द्यायला गेले. ती दाईशी खोटं बोलते आहे, आणि उत्तम बोलते. इथे चुका दोन होतात. एक, ‘तथास्तु’ कडवट, दातओठ खाऊन म्हणणं. मग दाई मूर्ख ठरते की तिला कळलं नाही. दुसरी, प्रेक्षकाकडे बघून म्हणणं. दाईच्या डोळ्यांत बघा, आवाज होता तेवढाच ठेवा, आणि शब्दाच्या आधी थांबा. किती? मनात सावकाश तीनपर्यंत. या तीन आकड्यांत सगळी भूमिका वळते. दाई दाराबाहेर गेल्यावर उरलेल्या ओळींत हवा तेवढा राग काढा, पण पाय जागचे हलवू नका.

हे जमलं की पुढच्या अंकात पॅरिस भेटतो तो प्रवेश सोपा जातो. तो एक ओळ टाकतो, ती एक ओळ परत करते, प्रत्येक उत्तर खरं आणि प्रत्येकाचे अर्थ दोन. टेबल टेनिससारखं: मध्ये श्वासही नको. पॅरिस गेला की दार लावायला सांगते आणि तिथेच फुटते.

कुपी

चौथ्या अंकातलं स्वगत पंचेचाळीस ओळींचं, तीन मिनिटांच्या आसपास. भीती दाखवण्याच्या नादात बहुतेक जणी पहिल्या ओळीपासून थरथरतात आणि विसाव्या ओळीला थकतात. त्यातल्या शंका एकेक करून वेगळ्या करा.

निरोप घेऊन आई आणि दाई जातात. ती दाईला परत हाक मारते, आणि स्वतःलाच म्हणते, ती इथे येऊन काय करणार? ही हाक सवयीची आहे. मग पहिली शंका: औषध लागूच पडलं नाही तर? उत्तर तयार: सुरी. ती बाजूला ठेवते. दुसरी: लॉरेन्सने विष दिलं असेल तर, त्याचं गुपित झाकायला? विचार करते, नाही, माणूस सज्जन आहे. इथपर्यंत डोकं ताळ्यावर आहे, आवाजही तसाच हवा. तिसरी: रोमिओ येण्याआधी जाग आली तर, घराण्याच्या थडग्याच्या बंद तळघरात गुदमरून जाईन? याला उत्तर सापडत नाही. पहिल्यांदाच. थरकाप सुरू करायची जागा ही.

चौथी शंका एकच लांबलचक वाक्य आहे, आणि ते मधेच तुटतं. ‘जगलेच, तर असं होणार नाही का की...’ म्हणून ती सुरू करते, मग पूर्वजांची हाडं, रक्ताने माखलेला टिबाल्ट, रात्री भुतं येतात म्हणे, असे तपशील शिरत जातात आणि मूळ प्रश्न हरवतो. मग ती पुन्हा सुरू करते, ‘असं होणार नाही का की मी...’ लेखकाने व्याकरण मुद्दाम मोडलेलं आहे. अनुवादात ते नीटनेटकं केलं असेल तर दिग्दर्शकाशी बोलून परत मोडून घ्या. इथे श्वास उथळ घ्या, छातीच्या वरच्या भागात. पण मोजून, नाहीतर खरोखर चक्कर येते. भूत दिसतं ते ठरावीक उंचीवर, ठरावीक जागी: प्रकाशयोजनेतला एखादा बंद दिवा नेमून घ्या आणि रोज तिथेच बघा.

पिताना बसा. आडवं होऊन पिऊ नका, ठसका लागला की प्रयोग तिथेच थांबेल. कुपीत साधं पाणी, दोन घोट, काचेऐवजी धातूची कुपी. गिळून झाल्यावर कुपी पलंगावर सोडा आणि मग कोसळा, नाहीतर ती अंगाखाली येते.

पुढच्या प्रवेशात तुम्ही प्रेत आहात आणि घर तुमच्याभोवती रडतं आहे. पोटावर चादरीची जाड घडी घ्या, श्वास पोटात आणि नाकाने, डोकं प्रेक्षकांपासून थोडं पलीकडे वळवलेलं. पडण्याआधीच हात कुठे येणार ते ठरवा. मुंग्या आलेला हात हलवता येत नाही.

तळघर

जाग आल्यावर तिच्या वाट्याला उरतात जेमतेम तेरा ओळी. त्यांतही पहिली हिशोबाची: मी कुठे असायला हवं ते आठवतंय, आणि तिथेच आहे, माझा रोमिओ कुठाय? सावकाश डोळे चोळत उठू नका. लॉरेन्सने सांगितलेले बेचाळीस तास संपलेत, योजना पार पडलीय, ती आनंदात आहे. दोन ओळी तरी तो आनंद टिकू द्या.

रोमिओने प्यायलेल्या विषाचा पेला हातात घेऊन ती मेलेल्या नवऱ्यावर चिडते: सगळं पिऊन टाकलंस, माझ्यासाठी थेंबभरही ठेवला नाहीस? मराठीत इथे ‘मेल्या’ हा शब्द आयता हाती येतो. घरात रोज वापरायची शिवी आणि खरोखर मेलेला माणूस. एवढी चपखल जागा इंग्रजीलाही मिळालेली नाही. ती रडून म्हणू नका. बायको नवऱ्याला रागावते तशी म्हणा.

मग ओठांचं चुंबन, ते अजून गरम आहेत, बाहेर आवाज, आणि कट्यार. ही कट्यार रोमिओची आहे, आणि संहितेप्रमाणे तिचं म्यान त्याच्या पाठीशी असतं. त्यामुळे रोमिओ मरताना ज्या कुशीवर पडतो त्यावर तुमचं मरण अवलंबून आहे. तो पाठीवर पडला की कट्यार त्याच्या अंगाखाली, आणि तुम्ही ‘आता आटोपतं घेते’ म्हणत त्याला उलथवत बसाल. त्याचं पडणं तुमच्या हाताच्या बाजूने बसवून घ्या आणि म्यान सैल ठेवा. पातं आत जाणारी खेळण्यातली कट्यार वापरू नका. तिची स्प्रिंग अडकते आणि मग ती खरी कट्यार होते. बोथट, न दुमडणारी घ्या, पाठ प्रेक्षकांकडे थोडी वळवा, आणि पातं अंगाच्या पलीकडच्या बाजूने, बरगडी आणि दंडाच्या मधून जाऊ द्या. मूठ दोन्ही हातांनी धरा म्हणजे अंतर झाकलं जातं.

पडताना चेहरा कुठे येतो ते बघून घ्या. ज्युलिएट मेल्यावर नाटक आणखी एकशे चाळीस ओळी चालतं, पहारेकरी येतात, राजा येतो, लॉरेन्स सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतो; आणि तेवढा वेळ रोमिओचा खांदा तुमच्या नाकावर असेल तर श्वास घ्यायला जागा राहणार नाही.